धुऱ्यापलीकडचे सापळे

बाळापूर रस्त्यावरच्या आमच्या गावात थंडीत सगळ्या गावाचे मिळून रोडगे होतात, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे, वरण आणि वांग्याची भाजी. कणीक एकाची, डाळ दुसऱ्याची, गोवऱ्या ज्याच्या त्याच्या घरच्या. पण वांगी खुशालरावांचीच. वडिलांच्या काळापासून हा मान त्यांच्या घरात आहे. पंगत बसली की माइक सांभाळणारा शालिकराम सांगतो, "वांगी खुशालरावांच्या वावरातली," आणि खुशालराव, जणू ऐकूच आलं नाही अशा चेहऱ्याने, गोवऱ्यांचा विस्तव सारखा करत बसतात. वर्षभरात विनयाची संधी त्यांना एवढीच मिळते, म्हणून ते ती वाया घालवत नाहीत.

यंदा पोळा झाल्यावर कृषी सहायक ज्योत्स्ना मॅडम गावात आल्या आणि त्यांनी वांगी लावणाऱ्यांना कामगंध सापळे फुकट वाटले. सापळा म्हणजे प्लास्टिकचं एक टोपण, त्याच्या आत एक गोळी आणि खाली लोंबणारी पिशवी.

मॅडमनी समजावलं, "या गोळीला मादीचा वास असतो. वांगं पोखरणाऱ्या अळीचे नर पतंग वासाने येतात आणि पिशवीत पडतात. पिशवी रोज बघायची. पतंग वाढले की समजायचं, आता अळी येणार. मग मलूल शेंडे खुडायचे, किडकी फळं तोडून पुरायची, आणि गरज पडली तरच फवारायचं."

खुशालरावांनी यातलं एकच वाक्य घ्यायचं ठरवलं. "म्हंजे मॅडम, दूरदूरचे पतंग या वासानं आपल्या वावरात येतीन?"

"येतील, पण पिशवीत पडतील ना."

"पयले येतीन तर खरे."

आता फुकट मिळालेली वस्तू परत करायची आमच्याकडे पद्धत नाही. खुशालरावांनी सही केली आणि सापळे घेतले. ते लावायचे कुठे, एवढाच प्रश्न होता, आणि तो धुऱ्याने सोडवला. शेताच्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. खुशालरावांच्या धुऱ्यापलीकडे गोदाबाईंची वांगी आहेत. गोदाबाईंचे मालक देवदर्शनात रमलेले असल्यामुळे वावर त्याच पाहतात. मॅडमच्या बैठकीत त्या मागे बसल्या होत्या, आणि त्यांची पाळी येईपर्यंत सापळे संपले होते.

दुसऱ्या सकाळी खुशालराव काठ्या आणि सापळे घेऊन धुरा ओलांडून गेले. "वहिनी, तुमाले भेटले नाई न? घ्या, माह्येच लावून देतो."

"अन तुमच्या वावरात?"

"माह्यं काय, होऊन जाते."

काठ्याही त्यांनीच रोवल्या. मॅडमना फोटो पाठवायचा होता, तो असा काढला की मागे वांगी दिसावीत, पण कोणाची ते दिसू नये. शेजारधर्म झाला, आणि आपल्या वावरातली पतंग-पाखरं परस्पर वहिनीकडे रवाना झाली. इतका चोख सौदा त्यांना बाजार समितीतही कधी जमला नव्हता.

खुशालरावांचं फवारणीचं शास्त्र कानाचं होतं. शेजारचा पंप घरघरला की त्याच संध्याकाळी आपणही फवारायचं, नाहीतर तिकडची कीड औषधाला भिऊन इकडे येते. गावात निम्म्या लोकांचं असंच चालतं. पहिला पंप कोण सुरू करतो आणि कशावरून, हे कोणी विचारत नाही. यंदा गोदाबाईंचा पंप गप्प होता. खुशालराव धुऱ्यावरून पाहत. पिशव्यांत पतंग पडलेले, वहिनी रोज सकाळी त्या रिकाम्या करतात आणि मग झाडांमधून वाकून फिरतात, पण फवारत नाहीत. म्हणजे पाखरं तिकडे सुखात आहेत. सुखातलं कोण उठून दुसरीकडे जाईल?

त्यांच्या बायकोने, साधनाताईंनी, एकदा म्हणून पाहिलं, "शेंडे माना टाकून राहिले, पाहा बरं."

"पान्याची ओढ हाये," म्हणून खुशालरावांनी मोटर सुरू केली. पारावर मात्र ते हळहळत. "गोदावहिनीची वांगी गेली समजा. पिशव्या भरून पाखरं हायेत. मी सांगनार होतो, पन बाईमानसाचं मन कोन दुखवते?"

रोडग्यांच्या आदल्या दिवशी त्यांनी वांगी तोडली. काळीशार, चकचकीत, पाहुण्यांसमोर ठेवावीत अशी. साधनाताईंनी घरच्या भाजीला एक चिरलं आणि ताट त्यांच्यापुढे सरकवलं. आत अळी होती. गुलाबी, खाऊनपिऊन सुखी. दुसऱ्यातही होती. तिसरं खुशालरावांनी स्वतः चिरलं, बायकोच्या हाताला गुण नसावा म्हणून. मग टोपली पालथी केली. सकाळी न दिसलेली बारीक भोकं आता वांग्यावांग्यावर दिसू लागली.

बाजारातून आणावीत, तर वाटेत अर्धं गाव भेटणार. राहिला धुरा.

गोदाबाई शेंडे खुडत होत्या.

"काय वहिनी, कसं काय हाये?"

"कशाचं?"

"वांग्याचं म्हनतो मी."

"बरं हाये. तुमचं?"

खुशालरावांनी आभाळाकडे पाहिलं. "वरून चांगलं हाये. आतून जरा बिघडलं."

गोदाबाई हसल्या नाहीत. हसू त्यांनी नंतरसाठी राखून ठेवलं. एक वांगं तोडून विळ्याने चिरलं आणि पुढे धरलं. आत पांढरंस्वच्छ.

"पन तुमी फवारलं तर नाई. पंप वाजलाच नाई."

"एकडाव वाजला. पाखरं वाढली तवा निंबोळीचं पानी मारलं. तुमी अमरावतीले लग्नाले गेले होते त्या दिवशी."

"मले सांगाचं तर होतं."

"काहून? माह्या पिशवीत पाह्यलं अन मारलं. तुमच्या कानाले इचारून मारू का?" गोदाबाईंनी खुडलेले शेंडे टोपल्यात टाकले. "अन भाऊजी, सापळे तुमी काहून देले, ते मले पयल्याच दिवशी समजलं. मॅडमले इचारून राहिले होते, तवा मी मांगच होती. पन वस्तू कामाची होती. घेऊन घेतली."

खुशालराव थोडा वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिले. "उद्या रोडगे हायेत, वहिनी."

"माईत हाये. टोपली आना, न्या वांगी. फकस्त शालिकरामले खरं सांगजा."

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मॅडमही जेवायला आल्या होत्या. शालिकरामने सवयीने माइक तोंडाशी नेला, तोच खुशालराव विस्तव सोडून उठले आणि त्यांनी माइक मागून घेतला.

"वांगी यंदा गोदावहिनीच्या वावरातली हायेत."

वाढणारे हात थबकले. वडिलांच्या काळापासूनचा मान एका वाक्यात धुऱ्यापलीकडे गेला. इथे थांबले असते तर गोष्ट संपली असती, पण माइक अजून हातात होता.

"सापळे माह्ये होते. वहिनीले भेटले नाई, म्हून मीच त्यायच्या वावरात लावून देले. माह्यं वावर तसंच ठुलं. माह्यी वांगी किडली. पन त्याचं काई नाई."

यातला शब्द अन् शब्द खरा होता. पंगतीत टाळ्या पडल्या. पारावरची हळहळ ऐकलेल्यांनीही वाजवल्या. ज्योत्स्ना मॅडम उभ्या राहून म्हणाल्या की असे शेतकरी गावोगाव हवेत, आणि पुढच्या हंगामात सापळे खुशालरावांच्याच हस्ते वाटू. शालिकरामने माइक परत घेतला आणि पुढच्या वर्षाची वांगी गोदाबाईंच्या नावावर बोलून टाकली.

खुशालराव पंगतीत येऊन बसले. गोदाबाई भाजी वाढत आल्या. रोडगा कुस्करता कुस्करता खुशालरावांनी वांग्याची फोड बोटाने दाबली आणि आत डोकावून पाहिलं.

"निवांत जेवा, भाऊजी," गोदाबाई म्हणाल्या, आणि कालपासून राखलेलं हसू त्यांनी आता काढलं. "त्यात तुमच्या वावरातलं काईच नाई."