ग्वोझ्देनच्या खांद्यावरची खाच

"माझ्या पणजोबाला तुम्ही मारलंत, साहेब! तुर्कांच्या गोळीला जमलं नाही, ते तुम्ही खुर्चीत बसून केलंत!"

सरकारी कचेरीत काचेच्या खिडकीशी उभी राहून स्तामेंका ओरडली तशा मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या. आतला साहेब मात्र हसला.

"आजी, मी कशाला मारू? तुमच्या गावच्या वाटेवरचा स्मारकाचा दगडच सांगतोय. ग्वोझ्देन तेशोविच, शिपाई, अठराशे शहात्तरच्या लढाईत पडला. आणि तुमचे आजोबा जन्मले त्यानंतर नऊ वर्षांनी. आता ते कुणाचे, हे मी कसं सांगू?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. स्तामेंकाच्या कानशिलात आग पेटली. एका वाक्यात या माणसाने पणजीला बदफैली ठरवलं होतं आणि अख्ख्या घराण्याला बेवारस.

नवा महामार्ग तिच्या आलुबुखाराच्या बागेतून जाणार होता. जाऊ दे, मरू दे. पण बागेच्या कोपऱ्यात ग्वोझ्देन पुरलेला होता. ती त्याची वारस ठरली तर हाडं गावच्या दफनभूमीत, पाद्र्याच्या हातून, मेणबत्ती लावून. नाही ठरली तर 'अनोळखी' म्हणून सामाईक खड्ड्यात. दगडाची पाहणी करून साहेब उद्याच निकाल देणार होता.

खरी गोष्ट गावातलं शेंबडं पोरही सांगेल. लढाईवरून ग्वोझ्देन परतला नाही. घरच्यांनी वाट पाहिली, रडले, आणि रीतीप्रमाणे वाटेच्या कडेला त्याचा दगड उभा केला, बंदूकधारी शिपाई कोरून. दोन हिवाळे उलटल्यावर हा गडी लंगडत दारात हजर! मग जन्मभर नांगर धरला, आलुबुखार लावले, पोरं झाली. दगड तसाच राहिला, कारण मेलेल्याचा दगड पाडणं म्हणजे मरणाला पुन्हा घरी बोलावणं. आणि तो खरोखर गेला तेव्हा बागेत पुरून वर नुसती माती सारली. एका माणसाला दोन दगड कोण लावतो? चर्चमधली जन्ममृत्यूची दप्तरं पुढच्या लढाईत जळाली. उरला तो खोटं बोलणारा दगड.

खोटं बोलणारा? परतीच्या बसमध्ये स्तामेंकाला एकदम आजोबांचं बोलणं आठवलं. 'बाप कापणीला निघाला की स्वतःच्याच दगडावर विळा घासायचा. म्हणायचा, हा मेलेला निदान कामाला तरी येऊ दे.' दगडाच्या डाव्या खांद्यावर केवढी खाच होती! लहानपणी ती त्यात बोट फिरवायची.

सकाळी ती धावतच वाटेवर गेली आणि जागीच थिजली. तिचा धाकटा भाऊ मिलोय्को हातात ब्रश घेऊन उभा होता. शिपायाचा डगला निळाशार, टोपी लालभडक, मिशा काळ्याकुळकुळीत.

"बघ ताई, कसा नवरदेव दिसतोय! साहेब येणार, म्हटलं दगड जरा बरा दिसावा. खांद्यावरचा खड्डासुद्धा सिमेंटनं बुजवला काल."

"गाढवा! अरे, तोच तर आपला साक्षीदार होता!"

मिलोय्कोच्या हातातला ब्रश गळून पडला. तिने त्याच्या पायाशी पडलेली छिन्नी-हातोडी उचलली. सिमेंट वरून कडक, आत अजून ओलसर. जोरात मारावं तर खांदाच उडायचा, हळू मारावं तर साहेब येऊन ठेपायचा. खाली वळणावर गाडीचा धुरळा दिसला. 

"ताई, मी मारू का?"

"तू लांब हो! आणि घरातला विळा आण, माळ्यावरचा, पणजोबाचाच!"

एक टवका चुकून दगडाचाच उडाला. छिन्नी टाकून ती नखांनीच सिमेंट उकरायला लागली. गाडी थांबली, दार वाजलं, बुटांचा आवाज जवळ आला. मिलोय्कोने धापा टाकत विळा तिच्या हातात दिला. रक्ताळल्या बोटांनी तिने पातं खाचेत ठेवलं, आणि ते पाळण्यात मूल बसावं तसं बसलं.

"बरं, मग?" साहेब म्हणाला. "येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही विळा घासला असेल."

"कुणीही?" स्तामेंका सरळ उभी राहिली. "साहेब, मेलेल्याच्या दगडाला आमच्यात कुणी लोखंड लावत नाही. दारूच्या नशेतसुद्धा नाही. या वाटेवर अशा दगडी शिपायांची रांग उभी आहे. चला, एकाच्या तरी खांद्यावर घासल्याची खूण दाखवा."

साहेबाने वाटेकडे पाहिलं. ओळीने उभे होते सगळे, भुरकट, शेवाळलेले, खांदे शाबूत.

"हा दगड घासायची छाती एकाचीच. ज्याचा दगड होता, आणि जो मेलेला नव्हता. लढाईत पडलेला माणूस कापणीला विळा घासतो का, साहेब? मग माझ्या बागेत कोण झोपलंय? आणि आम्ही कुणाचे? हातातल्या कागदाकडे बघू नका, माझ्याकडे बघून सांगा."