अ‍ॅग्नेसचं काउंटर

वेन्डल कुचेरा आणि मी एकाच गावचे. हॉलिवूडमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी तोंडातून काढलं तरी डोक्यात तिडीक जाते. तो दिग्दर्शक, मी सेट सजवणारी. त्याला बक्षीस मिळालं की पत्रकार माझ्याकडे येणार, "तुम्हीही एल्सबीच्याच ना? लहानपणी कसा होता हो तो?" मला बक्षीस मिळालं, आयुष्यात एकदाच मिळालं, तेव्हाही प्रश्न हाच. नेब्रास्कातलं एवढंसं गाव, एक चर्च, धान्याची कोठारं आणि माझ्या आईचं कॅफे. तिथून सिनेमात गेलो ते आम्ही दोघंच, म्हणून जन्मभर आम्हाला एका दावणीला बांधलंय.

तर या वेन्डलने एल्सबीवरच सिनेमा काढायचा ठरवला.

"रोझान, सगळी गोष्ट तुझ्या आईच्या कॅफेत घडते," तो म्हणाला. "शूटिंग तिथेच करणार. शब्द देतो."

आईने त्या शब्दावर कॅफेला नवा रंग काढला. मोठा रस्ता गावाबाहेरून गेल्यापासून तिच्याकडे रोजची गिऱ्हाइकं उरली होती तीन. एमिलकाका आणि त्याचे दोन सोबती. तिघंही कॉफीच्या एका कपावर दुपार काढणारे. सिनेमा झाला की लोक जागा बघायला येतील आणि कॅफे जगेल, एवढीच तिची आशा होती. जास्त काही मागितलं नव्हतं बिचारीने.

महिन्याभरात वेन्डलचा फोन आला. शूटिंग ओक्लाहोमात, कॉर्बेट नावाच्या गावात. तिथे करात सूट मिळते.

"अगं, माझ्या हातात काही नाही. निर्माते ऐकत नाहीत."

"मग शब्द कशाला दिलास?"

"तू चिडू नकोस बरं. आणि हे बघ, बाकी सगळं खोटं चालेल, पण काउंटर मात्र खरं हवं. तुझ्या आईचंच. माझं बालपण त्यावर गेलंय."

ते काउंटर माझ्या वडिलांनी ओकच्या लाकडातून स्वतः केलेलं. कोपर टेकून टेकून कड गुळगुळीत झालेली. मी आईला सांगितलं, सरळ नाही म्हण. तर ही बाई म्हणते, "ने गं. वेन्डल काय परका आहे का? पण परत आण हं. काउंटर नसलं तर कॅफे कसलं, नुसतं स्वयंपाकघर." मी कबूल केलं.

कॉर्बेटमध्ये मी एल्सबी उभं केलं. तसंच घड्याळ, तसेच लाल स्टूल, कोलाची या गोड पावांच्या परातीवर घरचा तसाच चौकड्यांचा रुमाल. मन लावून केलं, कारण वाईट काम मला करताच येत नाही. आणि एका सकाळी सेटवर येऊन बघते, तर सुताराने काउंटर मधोमध कापलेलं! कॅमेरा आरपार जायला हवा म्हणून. मी जे ओरडले, ते सगळ्या युनिटने ऐकलं. वेन्डल शांतपणे म्हणाला, "बिजागऱ्या लावतो ना. कळणारही नाही." रात्री हॉटेलच्या उशीत तोंड खुपसून मी रडले.

सिनेमा चालला. चांगला चालला. एल्सबीच्या शाळेत पडदा लावून दाखवला, तेव्हा माणसं डोळे पुसत होती. "अगदी आपलंच गाव!" म्हणे. अरे, आपलं गाव त्यात एका फ्रेममध्येही नाही!

आणि काउंटर? आधी काही दृश्यं पुन्हा घ्यायची होती. मग वकील बघत होते. मग वेन्डल फोन उचलेना. शेवटी मला बातमी कळली ती पेपरातून. अख्खा सेट कॉर्बेटला भेट दिलाय आणि तिथे 'अ‍ॅग्नेस कॅफे' जोरात सुरू आहे. अ‍ॅग्नेस म्हणजे माझी आई.

त्या दिवशी त्याला फोनवर गाठलाच.

"तू तर खूश व्हायला हवंस," तो म्हणाला. "तुझ्या आईचं नाव अमर झालं."

"मेलेली माणसं अमर होतात, मेल्या! ती जिवंत आहे, आणि दोन पिंपांवर फळी टाकून कॉफी देतेय!"

"रोझान, तू नेहमी अशीच. एल्सबीसाठी मी इतकं केलं..."

मी फोन आपटला. एल्सबीला जाऊन भावाचा पिकअप घेतला, मागे पाने-पकडी, पट्ट्या, गोधड्या टाकल्या. आता शब्द पाळायचा तो माझा मलाच. आई म्हणाली, मीही येते. निघताना एमिलकाकाने गाडीच्या खिडकीत तोंड घातलं, "काउंटर घेतल्याशिवाय येऊ नकोस बाई. त्या फळीने माझ्या कोपरात कुसळं भरलीत."

"फळी काय करते? तूच जिथे तिथे रेलतोस," आई म्हणाली.

कॉर्बेटला पोहोचलो तर दाराबाहेर रांग. आत एकही स्टूल रिकामं नाही. माझंच घड्याळ, माझेच रुमाल, मधे वडिलांचं काउंटर. मालकीण होती थेल्मा नावाची, घामाघूम झालेली. मी कोण, कशाला आले, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं होतं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहराच उतरला.

"मला सांगितलं होतं, घरच्यांना नकोय म्हणून. तुमचंच आहे ते, न्या. फक्त ही गर्दी ओसरू द्या."

मी पाना काढून तयारच होते. पण आई कुठे गेली?

आई काउंटरमागे होती. कापलेला तुकडा बिजागरीवर वर उचलून सरळ आत शिरली होती. "रोझान, बघ तरी!" ती ओरडली. "चाळीस वर्षं तुझ्या बाबांना सांगत होते, इथे दार कर, मला मागून वळसा पडतो. ऐकलं का त्यांनी?" एवढं बोलून तिने कॉफीचं भांडं उचललं आणि ओतत सुटली. कुणाला साखर, कुणाला दटावणी, एका दाढीवाल्याला म्हणाली, "कोपर काढ, पुसायचंय." लोक हसायला लागले, फोटो काढायला लागले. त्यांना वाटलं, कॅफेने नटी ठेवलीय.

"छान करतात या," एक बाई नवऱ्याला म्हणाली. "पण सिनेमातली जास्त खरी वाटायची."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच तिच्याकडे वळली. "हो ना, आणि तिचे केस काय सुंदर होते!"

थेल्मा माझ्याशेजारी उभी राहून बघत होती. मग हळूच पुढे झाली. "शनिवार-रविवार याल का हो तुम्ही? वर खोली आहे राहायला."

"आणि बाकीचे दिवस काय करू?" आईने विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करतेय. चेष्टा नव्हती.

"आई, चल. आपण काउंटर न्यायला आलोय."

"तो पाना खाली ठेव."

"अगं, बाबांनी केलेलं आहे ते! आपलं आहे! वेन्डलने आपल्या तोंडाला पानं पुसली, आणि तू..."

"माहितीये मला," ती म्हणाली. हातातला फडका थांबला होता. "रोझान, इथे माणसं येतात गं."

माणसं येत होती ती सेट खरा वाटत होता म्हणून, आणि तो खरा केला होता मी. वेन्डलवर कितीही खापर फोडलं तरी ते एक माझ्याकडेच उरत होतं. संताप कुणावर काढावा कळेना. गाडीच्या चाकाला एक लाथ घातली, पाय दुखावून घेतला आणि निघाले.

एल्सबीत कॅफेसमोर तिघं वाट बघत बसले होते. मी रिकामा पिकअप उभा केला.

"काउंटर कुठाय?" एमिलकाकाने विचारलं.

"कॉर्बेटला."

"आणि अ‍ॅग्नेस?"

"तीही."

एमिलकाका कॅफेच्या बंद दाराकडे बघत राहिला. मग उठला, टोपी डोक्यावर घातली आणि पिकअपच्या मागच्या गोधड्या हाताने चाचपल्या.

"मागे तिघं मावतील ना गं?" त्याने विचारलं.