ॲप्रन काढा

"ॲप्रन काढा! ट्रॉल्या घ्या आणि फिरा. तुम्ही आता गिऱ्हाईक आहात, कळलं?" मॅनेजर कुबात दबक्या आवाजात खेकसला. बिश्केकच्या त्या सुपरमार्केटच्या दारात कामगार खात्याची तपासणीवाली बुटांवरचा बर्फ झटकत होती.

बिनकराराच्या बायका पाच. दुकानाच्या भाषेत तात्पुरत्या. बुरुलकान दोन वर्षं तात्पुरती होती. फोन आला की धावत यायचं, गर्दी नसली की दारातूनच परत जायचं. मागच्या आठवड्यात मासळी कापताना सुरी लागून हाताला टाके पडले, तेव्हा कुबात म्हणाला होता, "बरा झाला तर ये. नाही तर दुसरी आहेच."

पट्टीच्या हातानं ती ट्रॉली ढकलू लागली.

"पोरी, जरा मासा दे की कापून," नेहमीच्या म्हाताऱ्यानं हटकलं.

"मी गिऱ्हाईक आहे, आजोबा."

"आँ? मग दुकान कोण चालवतंय?" म्हातारा खो खो हसला.

तपासणीवाली वळली. कुबात मध्येच धावला. "या आमच्या जुन्या गिऱ्हाईक, मॅडम. रोज येतात."

रोज! बुरुलकानच्या मस्तकात तिडीक गेली.

"तुम्ही इथे काम करता?" बाईनं तिला सरळ विचारलं.

"करते. दोन वर्षं! हा हात इथेच कापलाय. या चौघीही इथल्याच."

"मला नको ओढूस, एजे," शेजारच्या ट्रॉलीवरची कालीसगुल घाबरून म्हणाली. एरवी ती थोरल्या बहिणीसारखी एजे-एजे करत मागे असायची. "मी साखर घ्यायला आलेय."

"साखर? आणि सकाळपासून गोणी कोणी वाहिल्या गं, तुझ्या भुतानं?"

कालीसगुलनं मान खाली घातली. बाकीच्या तिघींनीही.

बुरुलकान आजच कामाला आली होती, हात घरीच कापला होता, असं कुबातनं लिहून दिलं. तिला कामाचे फोन यायचे थांबले. बाई पुन्हा येणार या धास्तीनं दुकानानं करार मात्र केले, गप्प बसलेल्या चौघींशी. बुरुलकाननं कामगार खात्यात तक्रार गुदरली.

सुनावणीच्या आदल्या दिवशी कालीसगुल गरम नान घेऊन तिच्या दारात आली.

"पोरगी आजारी होती, एजे. भरपगारी रजा मिळाली. तुझ्यामुळेच."

"मग उद्या चल. मी तिथे दोन वर्षं राबले, एवढंच सांग."

"मला काढून टाकतील."

"मला काढलंच ना! आणि तुला रजा कशी मिळाली?"

कालीसगुलनं नान पुढे केला. बुरुलकाननं हात लावला नाही. उघड्या दारातून बोचरा वारा घरात शिरत होता, तरी ती उंबऱ्यात घट्ट उभी राहिली.

"नान नकोय मला," ती म्हणाली. "येणार आहेस की नाही, ते बोल."