सामाईक भिंत

आधीच सांगते, मला कोणी शहाणपणा शिकवलेला चालत नाही. शिरपूरकडच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

सुनंदाबाईचं आणि माझं घर मधल्या एकाच मातीच्या भिंतीवर उभं होतं. दोन्ही घरांना धाबं, म्हणजे कड्यांवर, आडव्या लाकडी तुळयांवर, मातीचं सपाट छप्पर. पावसाळ्याआधी आम्ही दोघी मिळून गळू नये म्हणून वर खारी माती पसरायचो, उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालायचो. चाळीस वर्षं असंच चाललं.

मग मला स्लॅबची हौस आली. पोराच्या मागे लागून जुनं घर पाडलं, स्लॅबला सिमेंटचे वेगळे खांब घेतले, मधली भिंत तेवढी ठेवली. नव्या घराला ती मातीची भिंत काही शोभेना. म्हटलं, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा गिलावा करू, सुनंदाचंही घर चकचकीत होईल.

अभिमन गवंडी म्हणाला, "अक्का, मातीनी भीतले सिमेंट नको. ओल आतच राही, भीत सडी जाई."

"मेल्या, थापी तुना हातमा शे म्हनीसन अक्कल बी तुलेच का?"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं गिलावा केला. सुनंदा दारात उभी होती. नुसती हसली. मला वाटलं, खूश आहे.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी भादव्यात भिंत बसली आणि सुनंदाचं अर्धं धाबं खाली आलं. सुनंदा मागच्या दारी भांडी घासत होती म्हणून वाचली, नाहीतर कडी खाटेवरच पडली होती! ढिगारा उपसताना अभिमननं गिलाव्यामागची माती हातात घेतली. नुसता चिखल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं.

तिचा मुलगा जितेंद्र धुळ्याहून आला तो आईवरच खेकसला. "तुले किती सांगं, धाबाकडे ध्यान दे!"

"मनीच चुकी, भाऊ. औंदा खारी माती टाकी नही."

खोटं! जेठाच्या उन्हात तिनं एकटीनं मातीची घमेली वर नेलेली मी माझ्या स्लॅबवरून पाहिली होती. मदतीलाही उतरले नव्हते. पण तेव्हा मी तशीच माझ्या घरात शिरले. जितेंद्र तिला धुळ्याला घेऊन गेला.

अन्न गोड लागेना. शेवटी दिवाळीनंतर एस.टी.नं धुळ्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जितेंद्र कामावर. पाणीही न पिता बोलून टाकलं, "सुनंदा, तुनी भीत मी पाडी. मना सिमेंटनी पाडी."

"माले माहीत शे, अक्का. पहिलाच पावसायामा फुगनी व्हती. हात लावना का पोकळ वाजे."

"मंग बोलनी का नही? गिलावा खरडी काढता उना असता!"

"कशी बोलू?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुना राग माले माहीत शे. एकदा अबोला धरा ते तू मरेपर्यंत बोलती नही. तुनाबिगर मना कोन व्हतं तठे?"

मला रडू आवरेना. तिनंच पाणी आणलं, तिनंच पाठीवरून हात फिरवला, आणि जितेंद्रला यातलं काही कळू देऊ नको म्हणून बजावलं. चाळीस वर्षं ती मला घाबरून होती, आणि मी तिला मैत्रीण म्हणत होते.