'चल' म्हणणारं बटण

मी बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे, दिव्याचंही नव्हे. तळहाताएवढं, गोल, पिवळं, जमिनीवर राहणारं बटण. मला दाबलं की मी एकच शब्द बोलतो, "चल." हल्ली माझा आवाज जरा भसाडा आहे. पूर्वी नव्हता. तो असा कसा झाला, हे मला कुणी विचारलेलं नाही. म्हणून मीच सांगतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात शब्द नव्हता. एका खोक्यात आम्ही पाच जण मुक्यानं प्रवास करत या घरी आलो. खोकं उघडलं घरातल्या मुलीनं, आणि तेही दातांनी. कात्री शोधण्याइतका धीर तिच्यात नव्हता. प्राणिशास्त्राची पदवी नुकतीच हातात आलेली, नोकरी अजून यायची होती, आणि मधल्या वेळात जग बदलायचं तिनं ठरवलं होतं. सुरुवात कुत्र्यापासून.

तिनं मला ओठांजवळ नेलं, कडेची कळ दाबून धरली आणि म्हणाली, "चल!" पातळ, उंच आणि फार घाईचा आवाज. तो माझा पहिला आवाज. माझ्या भावंडांना पाणी, खाऊ, खेळ आणि थांब हे शब्द मिळाले. मग आम्हा पाचही जणांना एका फळीवर चिकटवून बाहेरच्या दाराजवळ ठेवलं गेलं.

तेव्हापासून माणसं मला घोट्यापर्यंतच ठाऊक. आईचे पाय मऊ सपातांतले. मुलीचे अनवाणी, आणि चालण्याऐवजी धावणारे. बाबांच्या टाचांच्या भेगांत काळं वंगण, कितीही घासलं तरी न निघणारं, कारण ते मोटार मेकॅनिक. आणि उरलेले चार पंजे गठुड्याचे.

गठुड्या बाबांना गॅरेजमधल्या जुन्या टायरमध्ये सापडला होता. गठुडं होऊन झोपला होता, म्हणून गठुड्या. एक कान उभा, दुसरा कायमचा सुट्टीवर.

बाबांना आमचं येणं फारसं रुचलं नाही. "त्याला भुंकता येतं, शेपूट हलवता येते. आणखी काय बोलायचंय त्याला? भाषण करायचंय?"

"नवीन काही दिसलं की तुम्ही आधी नाक मुरडता," मुलगी पलीकडच्या खोलीत जाता जाता म्हणाली. "जगात लोक कुठल्या कुठे पोचलेत!"

"काय?"

"काही नाही!"

हे 'काय' आणि 'काही नाही' त्या घरात दिवसातून दहा वेळा चाले. मला वाटायचं, बाप-लेकीत असंच बोलत असतील.

शिकवणी सुरू झाली. फिरायला निघण्याआधी मुलगी मला पायाच्या अंगठ्यानं दाबायची, मी "चल" म्हणायचो आणि दार उघडायचं. दिवसातून तीनदा, रोज. गठुड्या माझ्याकडे मान तिरकी करून बघायचा. मीही त्याच्याकडे बघायचो. याला काय कळतंय? शब्द कळतोय, की नुसतं दार? आणि खरं सांगायचं तर मला तरी काय कळत होतं?

तिसऱ्या आठवड्यात तो चुकून माझ्यावर बसला. मी "चल!" ओरडलो, तो दचकून उठला, आणि दार उघडलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं पंजा ठेवला. दार उघडलं. मग काय विचारता! त्या दिवशी तो चौदा वेळा फिरायला गेला. मुलगी आनंदानं नाचली आणि संध्याकाळी पाय चोळत बसली.

मुलीनं एक वही केली. वेळ, खोलीत कोण, कोणतं बटण, पुढे काय झालं, असे चार रकाने. ती घरी नसली की जुना फोन फळीसमोर उभा करून ठेवायची, म्हणजे एकही शब्द सुटायला नको. पण फोनला आम्ही पाच जणच दिसत होतो; खोलीत इतरत्र काय होतंय ते नाही.

शिवाय फोन आला महिन्याभरानं. त्याआधीचं फक्त मी पाहिलं होतं. बाबा खुर्चीत, दाराकडे पाठ, हातात वर्तमानपत्र. घरात दुसरं कुणी नाही. गठुड्यानं मला दाबलं. बाबा हलले नाहीत. पुन्हा दाबलं. पान उलटलं गेलं, एवढंच. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी गठुड्या माझ्यापाशी थांबला, जरा विचारात पडला, आणि मला ओलांडून पुढे गेला. त्यानं बाबांच्या पायावर पंजा ठेवला. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "काय रे? जायचंय?"

त्यानंतर बाबांच्या वाट्याला मी कधी आलोच नाही.

वहीत ते असं दिसलं की आई असताना गठुड्या बोलतो, मुलगी असताना बोलतो, बाबा एकटे असताना शून्य. पाच आठवडे शून्य. मुलीचं उत्तर तयार होतं. तिची उत्तरं नेहमी प्रश्नाआधीच तयार असतात.

"तुम्ही त्याला घाबरवता," वही नाचवत ती बाबांसमोर उभी राहिली. "तुमच्यासमोर एकदाही बटण दाबत नाही तो. तुम्ही सारखी चेष्टा करता, ती कळते त्याला! काही दिवस त्याला फिरायला मीच नेईन. तुम्ही नाही."

फिरणं म्हणजे बाबांचा दिवसातला एकमेव वेळ, ज्यात कुणाची गाडी नसे. मला वाटलं, आता भांडण होणार. बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

तीन दिवस ते पाय खुर्चीपाशीच राहिले आणि गठुड्या त्यांच्यावर हनुवटी टेकून पडून राहिला.

चौथ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती. मुलीला पुरावा हवा होता. ती दुपारी दाराआड उभी राहिली. तिनं पाहिलं की गठुड्या उठला, मला ओलांडून गेला, बाबांच्या पायावर पंजा ठेवला. बाबा त्याचा कान कुरवाळत म्हणाले, "नको रे बाबा, बाईसाहेबांचा हुकूम नाही."

घाबरलेला कुत्रा असा वागत नाही, हे समजायला पदवी लागत नाही. ती हळूच पुढे आली आणि मला अंगठ्यानं दाबलं.

"चल!"

गठुड्यानं उडी मारली. वर्तमानपत्र हललं नाही.

"चल!" पुन्हा. "चल! चल!" मी इतक्यांदा सलग कधी बोललो नव्हतो. गठुड्या स्वतःभोवती गिरक्या घेत होता, आणि चार हात अंतरावर बसलेला माणूस शांतपणे हवामानाचा अंदाज वाचत होता.

स्वयंपाकघरातून सपाता आल्या. "पुरे गं," आई म्हणाली.

मुलगी बाबांसमोर जाऊन जमिनीवर बसली. गठुड्यासारखाच तिनं त्यांच्या पायावर हात ठेवला. "बाबा, तुम्हाला हे ऐकू येत नाही?"

बाबांनी आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाड आवाज येतात. बारीक येत नाहीत. तुझा तर अर्धाच येतो."

"कधीपासून?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"आणि आई, तुला माहीत होतं?"

"मी खांद्याला हात लावल्याशिवाय त्यांच्याशी बोलते का कधी?"

"मग मला का नाही सांगितलंत? मी रोज खेकसत होते तुमच्यावर!"

"सांगून काय करू?" बाबांचा आवाज चढला. "लोक लांबून येतात, कशाला? मी नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो म्हणून. आता लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावतो, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतो. बोनेटवर हात ठेवतो. बरंच कळतं, पण सगळं नाही. गेल्या महिन्यात एक गाडी परत आली. आतली बारीक टिकटिक मला ऐकूच आली नाही. हे बाहेर फुटलं तर गॅरेजला कुलूप. तुला सांगितलं असतं, तर तेही वहीत लिहिलं असतंस ना?"

मोठ्या माणसांची ही खोड मला अजून कळलेली नाही. दुखेल ते लपवायचं आणि त्यालाच अब्रू म्हणायचं. परत आलेल्या गाडीनं जे सांगितलं, ते त्यांनी स्वतःहून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मुलीच्याही ओठांवर हे सगळं आलं असणार. पण ती उठली, मला फळीवरून उपटून घेतलं आणि बाबांच्या तोंडासमोर धरलं. दुसऱ्यांदा मी एवढ्या उंचीवर गेलो. पहिल्यांदाच बाबांचा चेहरा दिसला. पांढऱ्या मिशा, आणि डोळे थेट गठुड्यासारखे.

"तुमच्या आवाजात भरा. तुमचा तुम्हाला येतो ना?"

"येतो की. भसाडा आहे."

"असू दे."

तिनं कळ दाबली. बाबा घसा खाकरून म्हणाले, "चल." तिचा आवाज पुसला गेला आणि हा आला. माफी वगैरे कुणी मागितली नाही. त्या घरात तशी पद्धत नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला मात्र बाबा तयार होईनात. आज गाडी आहे, उद्या पाहुणा आहे. वेळ ठरली त्या सकाळी ते खुर्चीत घट्ट बसून राहिले. मुलीनं वाद घातला नाही. मला अंगठ्यानं दाबलं.

"चल," मी बाबांना म्हणालो, त्यांच्याच आवाजात.

बाबांनी वळून पाहिलं. मला दाबलं म्हणून ते वळले, असं पहिल्यांदाच झालं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. "स्वतःलाच नाही कसं म्हणायचं आता?" म्हणत ते हसत हसत चपला शोधायला लागले.

आता त्यांच्या कानात छोटं मशीन आहे. पहिल्या दिवशी ते घरात आले, उभे राहिले आणि म्हणाले, "हा टकटक आवाज कसला?"

"गठुड्याची नखं," मुलगी म्हणाली. "फरशीवर वाजतात."

"रोज?"

"रोज."

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि तू एवढी बोलतेस, हेही माहीत नव्हतं."

गॅरेजला कुलूप लागलं नाही. बाबा आता गिऱ्हाइकाला आधीच मशीन दाखवतात. टिकटिक पुन्हा सापडते. एक गिऱ्हाईक मात्र गेलं ते आलं नाही. असं होणारच, हे बाबा आता वंगणाच्या हातानं कपाळ पुसत सांगू शकतात.

मी जुना झालोय. पिवळा रंग मधोमध झिजलाय, पंजा जिथे पडतो तिथे. सेल संपत आले की माझा भसाडा आवाज आणखी घोगरा होतो. एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही, आणि मुलीलाही नाही; तिनं त्यासाठी वहीत पाचवा रकाना आखलाय. आता बाबांना मी ऐकू येतो. तरी बाबांबरोबर फिरायला जायचं असलं की गठुड्या आधी त्यांच्या पायावर पंजा ठेवतो, ते खाली बघतात, आणि मग तो येऊन मला दाबतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

तुमच्या घरात कुणी हाकेला ओ देत नसेल, तर आवाज चढवण्याआधी एकदा समोर जा. पायावर हात ठेवा. बटण नंतर दाबता येतं.

नखं वाजली. बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. माझी पाळी.

"चल."