कारण क्रमांक तीन

गावोगाव फिरून माहिती भरणाऱ्या सुरेंद्रच्या हातातलं पेन नूतनने काढून घेतलं. बुधरीच्या नावापुढे तो ‘कारण तीन : अज्ञान’ या चौकटीत खूण करायला निघाला होता.

मलेरियाच्या गोळ्या पाच दिवस घ्यायच्या होत्या. बुधरीने दोनच दिवस घेतल्या. गोळ्या सोडणाऱ्यांसाठी छापील नमुन्यात तीनच कारणं होती : विसरले, गावी नव्हते, अज्ञान. औषध निर्धोक आहे, लोकच अडाणी आहेत, असं नूतनचे नागपूरचे मार्गदर्शक सर म्हणून मोकळे झाले होते. या गोळ्यांच्या चाचणीच्या अहवालावर तिची पीएच.डी. अडली होती, आणि अहवाल गेला की त्याच गोळ्या जिल्ह्यात घरोघर वाटल्या जाणार होत्या.

गोळ्या का सोडल्या, असं तिने बुधरीलाच विचारलं.

“माह्या भावानं, चैतूनं, पाचही दिवस खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चायवानी झाली. मंग डोळे पिवळे पडले. आठव्या दिवशी गेला. माही बी तशीच होऊन राह्यली होती, म्हून म्या बंद केल्या.”

नूतनच्या अंगाची लाही लाही झाली. काहींच्या रक्ताला हे औषध सोसत नाही, हे तिने परीक्षेत पानभर लिहिलं होतं. तिने चैतूचा कागद शोधून काढला. ‘पाचही दिवस पूर्ण. तक्रार नाही.’ तक्रार करायला तो उरलाच नव्हता, आणि अहवालात मात्र ठणठणीत बऱ्या झालेल्यांत बसला होता.

दहा महिने गावं फिरताय, एकालाही हे लिहावंसं वाटलं नाही का, म्हणून ती सुरेंद्रवर बरसली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“लिहाले जागा कुठी हाये, मॅडम? नमुना तर तुमीच बनवला.”

ती तीन कारणं तिने नागपुरात पंख्याखाली बसून अर्ध्या तासात काढली होती. नमुना आटोपशीर झाला, म्हणून सरांनी पाठही थोपटली होती.

तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर बुधरीचं बोलणं जसंच्या तसं लिहायला घेतलं. अज्ञान कुणाचं, ते आता कोणत्याच चौकटीत मावणार नव्हतं.

तेवढ्यात बुधरीने छपराच्या वाशात खोचलेली फडक्याची पुरचुंडी काढली. पोरांच्या हाती लागू नये म्हणून तिने ती इतके महिने उंचावर ठेवली होती. आत तीन दिवसांच्या गोळ्या होत्या.

“ह्या घेऊन जा, बाई. खाणाऱ्याले काय झालं, ते इचारल्याबिगर कोणाले देऊ नका.”