राहून गेलेल्या वस्तू

“अगंबाई! हे दात कोणाचे?”

तेजश्रीने बिस्किटांचा डबा उघडला तसाच झटकन खाली ठेवला. आत हातरुमालात गुंडाळलेली कवळी होती आणि तिला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी : खोली नऊ, मे महिना, नाशिकचे गृहस्थ.

“नाशिकच्या सायबांचे,” तिचा सासरा पोपट दारातून म्हणाला. “घाईत निघालं, नि राह्यलं.”

“कधीची गोष्ट, मामा?”

“झाली असतील वीसेक वर्सं.”

“मंग तवापास्नं ते सायेब पेजच पीत आसतील, बिचारे!” पलंगावरून तिची सासू अंबाबाई म्हणाली. स्वतःच्याच बोलण्यावर हसली, आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. सुनेने पाठ चोळली तरी ती थांबेना.

त्या खोकल्यासाठीच आजचा हा घाट होता. कशेळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, औषध मी देईन, पण धूळ तुम्हाला काढावी लागेल. झोपायची खोली आधी मोकळी करा.

खोली कसली, जमिनीपासून वाशापर्यंत रचलेलं बिऱ्हाड होतं ते. छत्र्या, स्वेटर, एका पायाचे बूट, चार्जर, बाहुल्या. कळंबच्या त्या घरातली एकुलती खिडकी या सामानाआड कधी गेली, ते कुणाला आठवतही नव्हतं.

पोपटने माथेरानच्या एका हॉटेलात एकतीस वर्षं रूमबॉयचं काम केलं. पाहुणा गेला की चादर झटकायची, आणि जे पडेल ते मॅनेजरच्या कपाटात जमा करायचं. सहा महिन्यांत कुणी आलं नाही, तर ज्याला सापडलं त्याचं. बाकीची पोरं वापरायची, विकायची. पोपट मात्र चिठ्ठी बांधून घरी आणायचा आणि जपून ठेवायचा.

त्याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याला बायकी चष्मा सापडला होता. सहा महिने सरले, तसा त्याने तो आपल्या बापाला दिला. बापाने शेतावर नेला आणि बांधावर पाडून फोडला. पुढच्या वर्षी एक म्हातारे एकटेच चढून आले. “चष्मा राहिला होता हो, बायकोचा. आता ती नाही. काडीला तिने दोरा गुंडाळला होता, तेवढा तरी...” पोपटने खरं ते सांगितलं. म्हातारे रागावले नाहीत. तांब्याभर पाणी प्याले आणि आल्या वाटेने उतरून गेले. ते शिव्या देते तर बरं झालं असतं, असं पोपटला पुढे कितीदा तरी वाटलं.

“हे माजं नाय गं,” आता तो सुनेला म्हणाला. “जे आपलं नाय ते टाकायचं कसं?”

खोकला जरा बसला होता. अंबाबाईने पदराने तोंड पुसलं.

“आनि मी? मी तरी तुमची हाय ना?”

पोपट उंबऱ्यावर टेकला.

“तीस वर्सं तुमी वर, मी खाली. म्हटलं, म्हातारपनी तरी संगं ऱ्हाऊ. तर तुमच्या पावन्यांच्या गर्दीत मला कूस वळाया जागा नाय, अवं.”

ती चिडून बोलली असती तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. ती हसून बोलली. पोपट उठला आणि पहिली छत्री त्याने स्वतःच्या हाताने ओढली.

धड राहिलेले स्वेटर आणि छत्र्या वाडीवरच्या जिजाने नेल्या. उरलेल्यासाठी भंगारवाल्या कमलेशचा टेंपो अंगणात लागला. त्याने आगगाडीचं एक खेळणं भिरकावलं, तसा पोपट धावला.

“फेकू नको रं, बाबा. मी देतो एकेक.”

चिठ्ठी सोडायची, खिशात घालायची, वस्तू दोन्ही हातांवर घ्यायची आणि पुढे करायची. “बराय साहेब. संभाळून जावा, ताई.” कमलेश आधी खो खो हसला. दहाव्या वस्तूला त्याचेही दोन्ही हात पुढे यायला लागले. कवळी तर त्याने रुमालासकट पुढच्या सीटवर ठेवली.

दुपारी खिडकी उघडली. गंजलेली कडी हातोडीने ठोकावी लागली, मग भाताच्या खाचरावरचा वारा थेट आत आला. खिशातल्या चिठ्ठ्या पोपटने न वाचता चुलीत घातल्या. त्यावर अंबाबाईच्या अंघोळीचं पाणी तापलं.

ती न्हाऊन येईपर्यंत त्याने पलंग भिंतीपासून ओढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या पलंगाला चारी बाजूंनी फिरता येत होतं. धुतलेली चादर त्याने एका झटक्यात उडवली. ती हवेत फुगली आणि अलगद उतरली. कोपरे दुमडले, गादीखाली दाबले, उशीपासून पायथ्यापर्यंत तळहात फिरवला. सुरकुती म्हणून राहिली नाही.

ओले केस सोडून अंबाबाई दारात थबकली.

“आगं बया. ह्यावर कोन निजायचं?”

“तूच.”

“चुरगळंल की!”

“चुरगळू दे. उद्या परत घालीन.”

ती आधी कडेला टेकली, परक्या घरी टेकावं तशी. मग हळूच आडवी झाली. कूस वळली. पुन्हा वळली. श्वास थोडा घरघरला, मग संथ झाला.

पोपट पायथ्याशी उभा होता. काही लागेल का, म्हणून जरा वेळ थांबला. मग पाठ न फिरवता दोन पावलं मागे सरला आणि आवाज होऊ न देता त्याने दार ओढून घेतलं.